नावाची जागा

आमच्या गढा वस्तीतल्या घराला दार आहे, दाराला कडी आहे, आणि ती कडी माझ्या वहिनीने वीसेक वर्षं कुणाला लावू दिली नाही. एकदा चोर आला. पितळी घंगाळ आणि माझा नवाकोरा कुकर घेऊन गेला. मला वाटलं, आता तरी शहाणपण येईल. तर वहिनी म्हणाली, "घंगाळ नेलं तं नेलं. दार लावलं असतं अन् मोहन येऊन परत गेला असता तं?" मी कपाळाला हात लावला आणि दुसऱ्या दिवशी बड्या फुहाऱ्याच्या बाजारात जाऊन दुसरा कुकर आणला.

वहिनी म्हणजे चंपाबाई नंदेश्वर, माझ्या थोरल्या भावाची, गुलाबरावांची बायको. मी शकू, तिची नणंद. माझा नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून मी माहेरी परतले ती कायमची. नणंद-भावजयीचं पटत नाही असं लोक म्हणतात. आमचंही पटलं नाही. न पटता आम्ही एका गॅसवर जन्म काढला.

ती भंडाऱ्याकडून लग्न होऊन आली तेव्हा नागपूर-भंडारा महाराष्ट्रात जाऊन आणि आम्ही इकडे मध्य प्रदेशात राहून फार वर्षं झाली नव्हती. तिला हिंदी अजिबात येत नसे. भाजीवाल्याशी मराठीत भांडायची आणि जिंकून यायची. शाळा तिसरीपर्यंत, अंगाने काटकी, रंगाने काळी, आणि गळा असा की जयंतीच्या दिवशी ती गायला उभी राहिली की मागचे लोक लाऊडस्पीकर बंद करा म्हणून ओरडायचे. भाऊ कारखान्यात फिटर होता, बोलायला अगदी कमी. घरात जे काही बोलणं व्हायचं ते आम्हा दोघींचं, आणि त्यातलं निम्मं भांडण.

वस्तीत बायकांचं गाण्याचं मंडळ तिनेच उभं केलं. विहारात, लग्नात, बारशाला आम्ही गायचो. झांज माझ्याकडे. ढोलकीला रेल्वेतला तुळशीराम, मंडळातला एकटा पुरुष. त्याची बायको म्हणायची, "नवरा देऊन राहिली तुमाले, पण जेवू घालून परत पाठवत जा." तुळशीराम मान खाली घालून हसायचा आणि वाजवायचा.

माझी माय वारली तेव्हाची गोष्ट. आम्हा बौद्धांत माणूस गेल्यावर पुण्यानुमोदन करतात. पांढरे कपडे घालून सगळे बसतात, त्रिशरण-पंचशील होतं, गेलेल्याबद्दल चार शब्द बोलतात. ते सगळं झाल्यावर वहिनी उठली आणि तिने स्वतः बांधलेलं गाणं म्हटलं. सासूशी तिचं कधी धड जमलं नव्हतं, तरी म्हटलं.

दिवा विझला, वात राहिली,
उंबऱ्यात वहाणांची जागा राहिली.

अशी दोन कडवी, आणि तिसऱ्याच्या सुरुवातीला एवढंच:

कोण गेलं? सांगा नाव.

इथे ती थांबली. तुळशीरामची ढोलकी एकटी वाजत राहिली. वहिनी माझ्याकडे बघत होती. मला कळेना. मग कळलं. मी मायचं नाव मोठ्याने घेतलं, आणि वहिनीने ते माझ्या तोंडातून उचललं:

भीमाबाई गेली, ऐका सारे,
आता रडू द्या, अडवू नका रे.

तोवर मी रडले नव्हते. त्या ओळीला जी फुटले ती मला दोघींनी धरावं लागलं.

पुढे वस्तीत तो रिवाजच पडला. कुणी गेलं की चंपाबाईचं गाणं. नाव गाणारीने द्यायचं नाही, घरातल्या सर्वांत जवळच्या माणसाने द्यायचं. एकदा नाव दिलं की गाणारीने ते उचललंच पाहिजे, आणि गाणं शेवटाला नेलंच पाहिजे. कित्येक घरांत नाव तोंडातून निघत नसे. धडधाकट बाप्ये खाली बघत बसायचे आणि ढोलकी फिरून फिरून तिथेच येत राहायची. तुळशीराम थांबत नसे. विहारातले एक शिकलेले उपासक एकदा म्हणाले, "चंपाबाई, हे बुद्धवचनात कुठे नाही." ती म्हणाली, "घरात तं हाय ना." पुढे त्यांची बायको वारली तेव्हा त्यांनीच निरोप पाठवला.

बड्या फुहाऱ्याजवळ एक कॅसेटवाला होता. त्याने मंडळाची गाणी भरून घेतली. हेही गाणं त्याला हवं होतं. वहिनीने दोन कडवी म्हटली आणि थांबली. तो काचेच्या मागून हात हलवतोय, पुढचं, पुढचं. ही म्हणाली, "मेलं कोण? नाव कोण देईन?" तो म्हणाला, "कोई भी नाम बोल दो ना, दीदी." वहिनी म्हणाली, "तुहं देऊ?" त्याने गुपचूप दोन कडव्यांवर कॅसेट काढली. कव्हरवर आम्ही सगळ्या पांढऱ्या साड्यांत, उन्हाने डोळे बारीक केलेल्या. ती कॅसेट बालाघाट, गोंदिया, नागपूरपर्यंत घरोघर गेली. आजही कुठल्या लग्नात म्हातारी बाई भेटते आणि विचारते, तुम्ही त्याच का?

आता मोहनचं सांगते. भावाला एकच पोरगा. आईच्या पदराशी बसून गाणी ऐकत वाढला, मग कॅसिओ शिकला. बापाला वाटायचं कारखान्यात चिकटावं. पोराला ऑर्केस्ट्रात जायचं होतं, आणि तो गेला. लग्नसराईत गावोगाव फिरायचा, कधीही यायचा. त्या जानेवारीत एका ऑर्केस्ट्रा पार्टीबरोबर कच्छकडे निघाला तेव्हा मी दारात होते. म्हणाला, "आत्या, आईले सांग, कडी लावू नोको. मी केव्हाबी येईन."

सव्वीस जानेवारीच्या सकाळी तिकडे भूकंप झाला. पार्टी ज्या घरात उतरली होती ते घर बसलं. दोघं वाचून आले. त्यांतला एक आमच्या ओसरीवर बसून सांगत होता की मोहन तेवढ्यात चहा प्यायला बाहेर पडला होता, पुढचं त्याला माहीत नाही. माझी वहिनी पुढची सगळी वर्षं त्या एका वाक्यावर जगली. चहा प्यायला गेला होता. म्हणजे घरात नव्हता. म्हणजे आहे.

भाऊ तिकडे जाऊन आला. ओळख न पटलेल्यांचे फोटो भिंतीवर लावले होते, ते सगळे बघून आला. आल्यावर जेवला नाही, आणि काय पाहिलं ते शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही. काही वर्षांनी म्हणाला, "चंपा, एकदा नाव देऊन टाकू. पोराचं पुण्यानुमोदन करू." वहिनी गॅस पुसत होती. पुसतच राहिली. म्हणाली, "तुमी द्याल नाव. पण उचलाचं मले हाय."

मला राग यायचा. खरा राग. दुसऱ्यांच्या घरी जाऊन ही म्हणणार, नाव सांगा, रडू द्या, आणि स्वतःच्या पोरासाठी डोळ्यांतून टिपूस नाही. एकदा तर मी तोंडावर म्हटलं, "वयनी, लोकायच्या घरचं मरण तुले दिसते, आपल्या घरचं काहून नाही दिसत?" ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या ताटात जास्तीची भाकर वाढली, म्हणजे भांडण संपलं. कडी तशीच.

भाऊ गेला. जायच्या आधी त्याने मला जवळ बोलावलं. "शकू, माह्या नावासोबत पोराचं बी देऊन टाकजो." मी कबूल केलं. त्याच्या पुण्यानुमोदनाला वहिनी स्वतःच गायला बसली. नवऱ्यासाठी दुसऱ्या कुणी गावं हे तिला चाललं नसतं. कोण गेलं, सांगा नाव. मी म्हटलं, "गुलाबराव," आणि पुढचं नाव घ्यायला तोंड उघडलं. वहिनीने माझ्याकडे असं काही पाहिलं, आणि ढोलकीची वाट न बघता पुढची ओळ उचलली. बेताल झाली. आयुष्यात एकदाच बेताल झाली. माझं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

मग मंडळ मोडलं. बायका म्हाताऱ्या झाल्या, काही गेल्या, सुना हिंदीत बोलणाऱ्या. वहिनीचा आवाज घोगरा झाला. तुळशीरामच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तो शस्त्रक्रियेला भ्यायचा. गाणं कॅसेटमध्ये राहिलं, आणि कॅसेट वाजवायला घरात काही राहिलं नाही.

अशात बंडू आला. तुळशीरामचा नातू. इंजिनियर आहे, भोपाळला चांगली नोकरी करतो, पण कपडे बघून वाटावं की नोकरी सुटली. त्याचा एक बँड आहे. त्याची मराठी म्हणजे हिंदीला मराठी मुंडासं.

"आजी, एक व्हिडिओ गेम बनून राहिला," तो वहिनीला म्हणाला. "पुराने शहर की कहानी है. त्यात सगळे गाने जुने, पण गाणार आजचे बँड. इंडी बँड."

"इंडी म्हणजे काय रे बाप्पा?"

"ज्यांची कोणती कंपनी नाही. सगळं आपलं आपण करतात."

"मंग आमी बी इंडीच होतो," वहिनी म्हणाली, आणि आम्ही दोघी खूप हसलो.

बाकीच्या बँडनी रेडिओवरची जुनी प्रसिद्ध गाणी घेतली होती. बंडूने आजोबाच्या ट्रंकेतली आमची कॅसेट काढली होती. ते गाणं गेममध्ये कुठे वाजणार, तर हिरो मरतो तिथे.

"हिरो मेला तं खेळ संपला," वहिनी म्हणाली.

"नाही आजी, तो परत उठतो. आपल्या घराच्या दारात. जितके वेळा मरेल तितके वेळा."

"बाप्पा! मायचा तं जीवच जात असन त्याच्या. काय करते त्याची माय?"

बंडू जरा गोंधळला. "गेममध्ये माँ नाही आजी. घर आहे फक्त."

त्याला तिसरं कडवं हवं होतं, जे कॅसेटवर नव्हतं. जगात ते फक्त आम्हा तिघांना येत होतं, आणि तिघंही असे म्हातारे. वहिनीने विचारलं, नावाचं काय? बंडू म्हणाला, नाव नकोच. गेममध्ये खेळणारा सुरुवातीला आपलं नाव टाकतो, तेच नाव त्या जागी पडद्यावर येणार. गाण्यात जागा मोकळी ठेवायची.

"म्हणजे कोणी नाव नाही देणार?" तिने दोनदा विचारून घेतलं.

"नाही आजी."

"मंग म्हणीन. माह्यामागं कोण म्हणन हे?"

मी म्हटलं, "अन् गाणं अर्धं सोडशील?"

"मेलंच नाही कोणी, तं अर्धं काय अन् पुरं काय!"

ठरल्या दिवशी सकाळी बंडू आणि त्याच्या बँडमधली पोरं ग्वारीघाटावर जाऊन नदीचे, होड्यांचे फोटो काढून आली. येताना आजीच्या सत्कारासाठी झेंडूचा मोठा हार घेऊन आली. पत्र्याचं घर, आवाज घुमतो, म्हणून त्यांनी भिंतींना पांढऱ्या चादरी टांगल्या, खाली गादीवर पांढरी चादर अंथरली, पंखा बंद केला. कॅसेटच्या कव्हरसारखा फोटो हवा म्हणून आम्हा दोघींना पांढऱ्या साड्या नेसायला लावल्या. वहिनीच्या गळ्यात हार घातला. तिला तो टोचायला लागला, तिने काढून बँडमधल्या एका पोरीच्या हातात दिला. पोरगी भोपाळची, तिला आमच्या घरातलं काय माहीत. भिंतीवर चादरीच्या वर एक खिळा दिसला, त्याला तिने हार अडकवला. शेजारी मोहनचा फोटो. हार फोटोच्या अर्ध्यावर आला. मी उठणार तोच बंडूने हात वर केला, सगळ्यांनी गप्प बसायचं, मशीन चालू झालं होतं. तुळशीरामला तर आधीच आणून बसवलेलं.

तुळशीराम धुतलेलं धोतर, पांढरा सदरा घालून आला होता. मला वाटलं, कव्हरच्या फोटोसाठी. त्याला बंडूने एवढंच सांगितलं होतं की चंपा आजीच्या घरी ते गाणं आहे, तिसऱ्या कडव्यासकट, ढोलक घेऊन चला. तुळशीरामने जन्मभर ते गाणं तिसऱ्या कडव्यासकट एकाच कारणासाठी वाजवलं होतं. दुसऱ्या कशासाठी ते वाजतं हे त्याला कसं सुचावं? धूसर डोळ्यांनी त्याने पांढऱ्या चादरी पाहिल्या, खाली माना घालून बसलेली माणसं पाहिली, पांढऱ्या साडीतली चंपाबाई पाहिली, फोटोवरचा हार पाहिला. ढोलकी मांडीवर घेतली.

वहिनीने सुरुवात केली. आवाज चिरलेला, पण सूर जागेवर. दिवा विझला, वात राहिली. बंडू कानांवर ते मोठे हेडफोन लावून डोळे मिटून ऐकत होता. दोन कडवी झाली. तिसरं लागलं.

कोण गेलं? सांगा नाव.

ती थांबली. ठरल्याप्रमाणे ढोलकी चार वेळा फिरणार आणि बंडू मशीन बंद करणार. दोनदा फिरली. वहिनी माझ्याकडे बघून हसली. आणि तुळशीराम, ढोलकी न थांबवता, स्वच्छ मोठ्या आवाजात म्हणाला,

"मोहन. मोहन गुलाबराव नंदेश्वर."

गुलाबराव नाही, भाऊबंद नाहीत, बाई आणि नणंद दोघींच्या तोंडून नाव निघत नाही, तर घरचं मोठं माणूस आपणच, असं त्याला वाटलं असणार. त्याने आपलं काम केलं.

वहिनीचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं. ढोलकी फिरून आली. ती गाणारच नाही असं मला वाटलं. उठून जाईल, ढोलकी भिरकावेल. मी तिचा हात धरायला पुढे सरकले. पुन्हा फिरून आली. बंडूने डोळे उघडले होते आणि तो नुसता बघत होता. तुळशीराम वाजवत होता, थांबत नव्हता, नाव दिलेलं होतं. सगळ्या वस्तीला नियम लावणारी बाई ती. तिने तोंड उघडलं.

मोहन गेला, ऐका सारे,
आता रडू द्या, अडवू नका रे.

पूर्ण म्हटलं. सुरात म्हटलं. मग ती त्या पांढऱ्या चादरीवर आडवी झाली आणि रडली. मी तिला कधी तशी पाहिली नव्हती, नवऱ्याच्या वेळीही नाही. तिच्या तोंडून शब्द येत नव्हते, नुसता आवाज. बँडची पोरं भिंतीला चिकटून उभी होती.

जाताना तुळशीराम म्हणाला, "बरं केलं बाई. उशिरा का होईना. गुलाबरावच्या जिवाले लय लागून होतं." मी खरं सांगणार होते. वहिनीने मान हलवून मला नको म्हटलं. बंडूने रडवेला होऊन विचारलं, आजी, हे मिटवून टाकू का? ती म्हणाली, "मिटवू नोको. झालं ते झालं. राहू दे त्यात."

संध्याकाळी तिने मला हाक मारली. "शकू, कडी लाव."

कडी गंजून घट्ट झाली होती. मी खोबरेल तेल घातलं, वरवंट्याने ठोकली, तेव्हा कुठे सरकली. जिच्यासाठी इतकी वर्षं भांडले ती कडी लागली आणि मलाच रडू कोसळलं.

त्यानंतरचे दिवस बरे गेले. बरे म्हणजे, ती जेवायची, झोपायची. मोहनची पेटी उघडून त्याचे शर्ट देऊन टाकले. त्याच्याबद्दल बोलायला लागली, पहिल्यांदाच 'आहे' न म्हणता 'होता' म्हणून. त्याला भरलं वांगं आवडत होतं. तो झोपेत दात खात होता. पावसाळ्यात तुळशीराम गेला. वहिनीला आवाज उरला नव्हता, तरी तिने त्याच्यासाठी म्हटलं, आणि नाव बंडूने दिलं.

हिवाळ्याच्या तोंडाशी बंडू लॅपटॉप घेऊन आला. गेम झाला होता. त्याला आजीला दाखवायची कोण घाई. उघडल्यावर गेमने नाव विचारलं. मी काही बोलायच्या आत त्याने टाइप केलं, मोहन. त्याच्या मते ते प्रेमाने केलं होतं. आजीचं पोरगं, आजीचं गाणं. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

पडद्यावर एक जुनं गाव होतं, नदी, घाट, पायऱ्या. एका घराचं दार उघडं होतं आणि त्यातून एक पोरगा बाहेर पडला. चालत नदीपर्यंत गेला. बंडू हळूहळू खेळत होता, आजीला दिसावं म्हणून. पायरीवरून पोराचा पाय घसरला, तो पाण्यात गेला आणि गाणं सुरू झालं. गिटार होती आणि बंडूचा आवाज. चांगलं गायला होता, खोटं कशाला बोलू. कोण गेलं, सांगा नाव. आणि मग फक्त ढोलकी, तुळशीरामची, त्या दिवशी भरलेली. मेलेल्या माणसाचे हात वाजवत होते. पडद्यावर अक्षरं आली, मोहन. तुळशीरामने दिलेलं नाव कापून टाकलेलं, कुणीही ते उच्चारलं नाही. गाणं तिथेच तुटलं. आणि पोरगा घराच्या दारात उभा होता, कोरडा ठणठणीत.

"पुढची ओळ?" वहिनीने विचारलं.

"ती शेवटी येते आजी. पूरा गेम संपल्यावर. इतका लवकर कोणाचा संपत नाही."

ती पडद्याकडे बघत होती. "उठला," ती म्हणाली. मग म्हणाली, "पुन्हा लाव."

बंडूने पुन्हा लावलं. पोरगा पुन्हा नदीला गेला, पुन्हा बुडाला, ढोलकी वाजली, नाव आलं, गाणं तुटलं, पोरगा दारात. पुन्हा लाव. बंडूला वाटलं आजीला गेम आवडला. मी सांगून टाकलं, आता पुरे, आणि त्याला चहा देऊन काढून दिलं.

अंधार पडल्यावर मी कडी लावायला गेले. वहिनी म्हणाली, "राहू दे."

"वयनी, खेळ हाय तो."

"मले माहीत हाय खेळ हाय. येडी नाही मी."

"मंग?"

"नाव काढून टाकलं त्यायनं, शकू. ज्यानं देल्लं तो बी नाही आता. कोणाच्या तोंडात नाही ते नाव."

"मी ऐकलं ना. तू म्हटलं, मी ऐकलं."

मी भांडले, ओरडले, शेजारी बाहेर आले. कडी उघडीच राहिली. आणि आता ते आधीसारखंही नव्हतं. आधी ती आपली कामं करत वाट बघायची. आता दिवस मावळला की उंबऱ्यात जाऊन बसायची, शाल न घेता. पुन्हा जेवण कमी, पुन्हा डोळे कोरडे. शर्ट देऊन टाकले म्हणून स्वतःला बोल लावायची, आल्यावर काय घालेल तो? त्या थंडीत तिच्या छातीत कफ भरला. दवाखान्यात नेलं तोवर उशीर झाला होता. शेवटी शेवटी तिने मला एकच विचारलं, घरी कोण आहे? मी म्हटलं, कोणी नाही, तू इथं अन् मी इथं. त्यावर ती अस्वस्थ झाली. मग मी खोटं सांगितलं की दार उघडं आहे आणि शेजारीण बसली आहे. तेव्हा पडून राहिली.

पुण्यानुमोदनाला गायला कुणी नव्हतं. बंडूनेच म्हटलं. हार अडकवणारी ती भोपाळची पोरगी ढोलकी शिकली होती, ती वाजवत होती. पांढऱ्या चादरीवर वस्तीतली उरलेली चार म्हातारी माणसं होती.

मी मनाशी ठरवून बसले होते. दोन नावं देणार. भावाला शब्द दिला होता, आणि आता मला अडवायला, माझ्यावर डोळे वटारायला, बेताल होऊन पुढची ओळ उचलायला कुणी नव्हतं. माझ्यानंतर तर मोहनचं नाव द्यायला या जगात माणूसच उरणार नव्हता.

कोण गेलं? सांगा नाव.

"चंपाबाई," मी म्हटलं.

बंडू थांबला. त्याला कळलं होतं की मला अजून काही म्हणायचं आहे. त्या पोरीनेही ढोलकी चालू ठेवली. फिरून आली, पुन्हा फिरून आली. नाव माझ्या जिभेवर होतं. चहा प्यायला गेला होता, एवढंच मला आठवत राहिलं. चहाच तर प्यायला गेला होता.

मी बंडूला मानेनेच खूण केली की झालं. त्याने ओळ उचलली, चंपाबाई गेली, ऐका सारे. सगळे रडले. मीही रडले, पण तिच्याचसाठी.

संध्याकाळी माणसं गेल्यावर मी चादरी घड्या करून ठेवल्या, भांडी घासली, दार लोटलं. कडीला मी तेल घातलेलं होतं, एका बोटाने लागली असती. मी ती लावली नाही.